मूळ सॉफ्टवेअर आधीच काढलं, आता प्लगइन निघत नाही? असं काढा

प्लगइन म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरला जोडलेला छोटा प्रोग्राम. आधी प्लगइन काढायचं आणि मग ते ज्याच्यावर चालतं ते सॉफ्टवेअर, असा खरा क्रम. घाईत तो उलटा होतो. फोटो एडिटर किंवा ऑडिओचा प्रोग्राम काढून आपण मोकळे होतो आणि काही दिवसांनी विंडोजच्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत प्लगइनचं नाव अजून दिसतं. अनइन्स्टॉल दाबलं की मूळ प्रोग्राम सापडत नाही असा मेसेज येतो, किंवा एक विंडो क्षणभर उघडून बंद होते. नाव यादीत जिथल्या तिथे.

कारण साधं आहे. बरीच प्लगइन्स निघताना आधी मूळ प्रोग्राम कुठे आहे ते रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, बघतात आणि तिथे जाऊन आपल्या फाइल्स, मेनूतल्या नोंदी काढतात. पत्ताच सापडला नाही की काम तिथेच थांबतं. काही प्लगइन्सचा अनइन्स्टॉलर तर मूळ प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच असतो. तो फोल्डर गेला की अनइन्स्टॉलरही गेला.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: प्लगइनचा फोल्डर डिलीट करा, झालं. कृपा करून हे करू नका. मी पहिल्यांदा हेच केलं होतं. फोटो एडिटरचं एक प्लगइन होतं, त्याचा फोल्डर शिफ्ट-डिलीटने उडवला. त्यातच 'अनइन्स०००' नावाची ईएक्सई फाइल होती आणि शेजारी त्याच नावाची डॅट फाइल. काय काय कुठे टाकलं त्याचा सगळा हिशेब त्या डॅट फाइलमध्ये असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. यादीतलं नाव तसंच राहिलं आणि त्याच प्लगइनची नवी आवृत्ती टाकायला गेलो तर सेटअप म्हणे, आधी जुनी काढा. जुनी काढायचं साधन मीच फेकून दिलं होतं. ते निस्तरण्यात दोन संध्याकाळी गेल्या. तुम्ही फोल्डर आधीच डिलीट केला असेल आणि तो रिसायकल बिनमध्ये असेल, तर पुढचं वाचण्याआधी तो रिस्टोअर करा.

पायरी १: लायसन्स मोकळं करा

पैसे देऊन घेतलेलं प्लगइन असेल तर कंपनीच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन हा कॉम्प्युटर काढून टाका. अनइन्स्टॉल केल्याने ॲक्टिव्हेशन आपोआप सुटतंच असं नाही.

पायरी २: मूळ सॉफ्टवेअर परत टाका

हे लोकांना पटत नाही. काढलेलंच परत का टाकायचं? कारण दहापैकी आठ वेळा एवढ्यानेच काम होतं आणि रजिस्ट्रीला हात लावावा लागत नाही. पण 'परत टाका' म्हणजे नेमकं काय, इथेच मी अडकलो होतो.

मी सगळ्यात नवी आवृत्ती टाकली होती. प्लगइन काढायला गेलो, मेसेज तोच. संतापलो, पुन्हा टाकली, पुन्हा तोच. उलगडा झाला तो रजिस्ट्री उघडून बघितल्यावर. मूळ प्रोग्रामच्या नोंदीच्या नावातच आवृत्तीचा आकडा होता. प्लगइन जुन्या आकड्याची नोंद शोधत होतं आणि तिथे होती नव्या आकड्याची. म्हणून प्लगइन बसवताना मूळ प्रोग्रामची जी आवृत्ती होती, तीच आणा. तेव्हा ३२ बिटचा प्रोग्राम असेल तर ३२ बिटचाच घ्या, ६४ चालणार नाही. फोल्डरही तोच द्या. तेव्हा तो डी ड्राइव्हवर टाकला असेल तर आताही तिथेच. ट्रायल आवृत्ती पुरते, लायसन्स लागत नाही.

आणखी एक गोष्ट: टाकल्यावर प्रोग्राम एकदा उघडा आणि बंद करा. काही प्रोग्राम आपला पत्ता पहिल्यांदा उघडल्यावरच नोंदवतात. तो पूर्ण बंद झाला का ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. मग प्लगइन काढा आणि नंतर मूळ प्रोग्राम. नाव यादीतून गेलं असेल तर तुमचं काम झालं, पुढे वाचायची गरज नाही.

पायरी ३: जुनी आवृत्ती मिळतच नसेल तर

मग प्लगइनचाच सेटअप शोधा, जी आवृत्ती बसवली होती तिचाच. तो जुन्यावरच पुन्हा चालवा. हरवलेला अनइन्स्टॉलर त्याने परत येतो आणि लगेच त्यानेच प्लगइन काढता येतं. सेटअपने मूळ प्रोग्रामचा फोल्डर विचारला तर एक नवा रिकामा फोल्डर करून तो दाखवा. प्रत्येक सेटअप हे मान्य करत नाही, पण करून बघण्यात नुकसान नाही.

तेही जमलं नाही तर रजिस्ट्री एडिटर. एचकेईवाय लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल, असं आत आत जा. इथे प्रत्येक प्रोग्रामची एक नोंद असते. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्रामच्या नोंदी वेगळ्या असतात: सॉफ्टवेअरखाली वाऊ६४३२नोड आहे, त्याच्या आत हाच रस्ता पुन्हा येतो. तिथेही नसेल तर एचकेईवाय करंट युजरखाली बघा. डिस्प्ले नेममध्ये प्लगइनचं नाव असलेली नोंद सापडली की सगळ्यात आधी तिच्यावर राइट क्लिक करून ती एक्स्पोर्ट करा. न एक्स्पोर्ट करता रजिस्ट्रीत काहीही बदलू नका.

आता त्या नोंदीतली अनइन्स्टॉल स्ट्रिंग वाचा. तिथे एखाद्या ईएक्सईचा पत्ता असेल तर ती फाइल खरंच जागेवर आहे का बघा, आणि असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. स्ट्रिंग एमएसआयएक्झेकने (हा विंडोजचा स्वतःचा इन्स्टॉलर) सुरू होत असेल तर पुढे महिरपी कंसात एक लांबलचक कोड असतो. कोडच्या आधी बरेचदा इंग्रजी आय असतो. त्या जागी एक्स लिहा आणि ती ओळ ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. आयने दुरुस्ती-बदलाची विंडो येते, एक्सने थेट काढायला सुरुवात होते. अक्षर एकच, पण यावर माझे कित्येक तास वाचले आहेत.

एरर आला तर त्याचा आकडा बघा. १६०५ म्हणजे इन्स्टॉलरच्या लेखी हे प्लगइन बसवलेलंच नाही, मागे फक्त नाव उरलंय, तेव्हा सरळ पायरी ४ कडे जा. १६१२ म्हणजे मूळ सेटअप फाइल सापडत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी जागा करायला विंडोजच्या फोल्डरमधला इन्स्टॉलर नावाचा लपवलेला फोल्डर साफ केलेला असतो. प्रोग्राम काढण्यासाठी लागणाऱ्या एमएसआय फाइल्स, म्हणजे विंडोज इन्स्टॉलरच्या सेटअप फाइल्स, तिथेच ठेवलेल्या असतात. त्याला कधीच हात लावू नका. १६१२ वर त्याच आवृत्तीचा सेटअप आणून चालवणं हाच उपाय.

पायरी ४: हाताने साफसफाई

त्याआधी मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर चालवून बघा. बिघडलेल्या नोंदी तो स्वतः काढतो. त्यानेही झालं नाही, तरच प्लगइनचा स्वतःचा फोल्डर आणि रजिस्ट्रीतली ती एकच नोंद डिलीट करा. कॉमन फाइल्स फोल्डरमध्ये नावावरून अंदाज बांधून काही उडवू नका. तिथल्या डीएलएल, म्हणजे सामायिक कोडच्या फाइल्स, दुसरे प्रोग्रामही वापरत असतात. नोंदणी केलेली डीएलएल काढायची असेल तर आधी रेगएसव्हीआर३२ या विंडोजच्या कमांडला यू जोडून तिची नोंदणी रद्द करा. फाइल गेल्यावर हे करता येत नाही.

रजिस्ट्री क्लीनर वापरू नका. एका नोंदीसाठी ते शेकडो नोंदींना हात घालतात. डब्ल्यूएमआयसी प्रॉडक्ट ही कमांडही सर्रास सुचवली जाते, तीही नको. नुसती यादी मागितली तरी ती एमएसआयने बसवलेल्या प्रत्येक प्रोग्रामची तपासणी करते आणि मध्येच एखाद्याची दुरुस्तीही सुरू होऊ शकते.

मॅकवर ऑडिओ प्लगइन असेल तर काम सोपं आहे: लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स या फोल्डरमधून फाइल ट्रॅशमध्ये टाका. लायब्ररी दोन असतात, एक सगळ्या कॉम्प्युटरची आणि एक तुमच्या खात्याची. दोन्ही बघा.

शेवटी रीस्टार्ट करा आणि यादी पुन्हा बघा. एक्स्पोर्ट केलेली फाइल महिनाभर तरी जपून ठेवा. दुसरा एखादा प्रोग्राम अडखळायला लागला तर तिच्यावर डबल क्लिक केलं की काढलेली नोंद परत येते.