स्ट्रॅट घ्यायची की लेस पॉल? खानदेशातल्या गिटारवाल्यांनो, या चुका टाळा

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली की शिकायला येणारी पोरं मोबाइलवर दोनच फोटो दाखवतात. एक स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, दोन शिंगांची, सडपातळ, तीन बारीक पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून आवाज ॲम्पकडे पाठवणारा भाग). दुसरी लेस पॉल, एकाच बाजूला कापलेली, जाडजूड, दोन रुंद पिकअपची. आणि विचारतात, "सर, आवाज कोणाचा भारी?"

आवाज दोन्हींचा भारी आहे. पण निवड चुकते ती आवाजामुळे नाही. गिटार चोपड्याच्या हळदीत वाजणार, नवापूरच्या चर्चमध्ये वाजणार की भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, तिथली वीज कशी आहे, ती एसटीने न्यायची की मोटरसायकलवर, याचा विचार पैसे भरल्यावर सुरू होतो. माझं मत पक्कं आहे: आधी वीज, प्रवास आणि स्वतःचा हात बघा, आवाजाकडे त्यानंतर या.

दोन्हींची घडण थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे गुणदोष तिथूनच निघतात. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नव्हता. बिघडलेला भाग काढावा, नवा बसवावा, हीच त्याची दृष्टी. म्हणून १९५४ च्या स्ट्रॅटचा नेक (बोटं फिरतात ती मान) बॉडीला स्क्रूंनी कसलेला असतो. गिब्सन कंपनीची लेस पॉल त्याआधीची, १९५२ ची. महोगनीच्या बॉडीवर मेपलचा थर आणि नेक सरसाने कायमचा चिकटवलेला. १९५७ पासून तिच्यात सेथ लव्हरने तयार केलेले हमबकर, म्हणजे दोन कॉइलचे पिकअप आले. नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) तारेची लांबी स्ट्रॅटमध्ये साडेपंचवीस इंच, लेस पॉलमध्ये पावणेपंचवीसच्या आसपास.

व्हिडिओ ऐकून गिटार ठरवणं

लेड झेपलिन या रॉक बँडच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवरचा आवाज ऐकून कित्येक जण लेस पॉलच्या प्रेमात पडले. पण त्यांच्या गिटारवाल्याने, जिमी पेजने, तो अल्बम बहुतांश टेलिकास्टरवर, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या गिटारवर वाजवला होता. व्हिडिओत कानावर पडतो तो आवाज गिटारचा जितका, तितकाच ॲम्पचा, स्पीकरचा आणि रेकॉर्डिंगचा असतो.

आपल्याकडे तर ॲम्पच नसतो. ऑर्केस्ट्रात गिटारची केबल सरळ मिक्सरमध्ये खुपसतात आणि मग म्हणतात, स्ट्रॅट पत्र्यासारखी वाजते. पत्र्यासारखीच वाजणार! गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज जवळजवळ गाळून टाकतो. मिक्सरला जोडलेला पीए स्पीकर तो सगळा कर्कशपणा जसाच्या तसा बाहेर फेकतो. शिवाय मिक्सरचं साधं इनपुट गिटारच्या पिकअपसाठी बनलेलं नसतं, त्यामुळे आवाज दबतो तो वेगळाच. मधे कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) असलेला छोटा मल्टी-इफेक्ट टाका, तीच गिटार ओळखू येणार नाही. म्हणून सगळं बजेट गिटारवर उडवू नका. निदान तिसरा हिस्सा ॲम्प किंवा मल्टी-इफेक्टसाठी बाजूला ठेवा.

संगीताच्या दृष्टीने बघायचं तर अहिराणी गाण्यांत ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड यांनी मधली जागा आधीच भरून टाकलेली असते. तिथे स्ट्रॅटचा बारीक, टोकदार चॉप (तुटक वाजवलेली कॉर्ड) वर येतो. लेस पॉलची भरीव कॉर्ड कीबोर्डमध्ये विरघळते आणि सगळाच गिचका होतो. उलट गाण्याच्या सुरुवातीचा लांब ओढलेला सोलो, एकच सूर धरून ठेवायचा, गेन वाढवायचा, तर लेस पॉलला तोड नाही. दोन्ही कामं करावी लागत असतील तर ब्रिजला हमबकर असलेली स्ट्रॅट मिळते. लग्नाचे कार्यक्रम करणाऱ्यांना मी तीच सुचवतो.

वीज न बघता सिंगल कॉइल घेणं

खानदेशात सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच. स्ट्रॅटचा प्रत्येक पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची एकच कॉइल. ती तारांची थरथर पकडते, तशीच आसपासच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुणही पकडते. हमबकरमध्ये दोन कॉइल असतात, वेढे उलटसुलट आणि चुंबकांची दिशाही उलट. तारेचा आवाज एकमेकांत मिळतो, गुणगुण एकमेकींना मारते. लेस पॉल शांत असते ती म्हणून.

स्ट्रॅटमधून घूं आवाज येतो म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. आधी हे करून बघा. गिटार गळ्यात घालून जागेवरच हळूहळू गोल फिरा. एका दिशेला आवाज वाढला आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ गेला, तर तो सिंगल कॉइलचा स्वभाव आहे, बिघाड नाही. चोकची ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर यांपासून दोन-तीन हात लांब सरका. पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर दोन पिकअप एकत्र लागतात. आजच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला असतो, म्हणून त्या दोन जागांवर गुणगुण थांबते. तुमचीही तिथे थांबत असेल तर गिटार धडधाकट आहे.

तारांना हात लावल्यावर आवाज कमी होत असेल तर घाबरू नका, बहुतेक गिटारींत तसं होतंच. हात लावल्यावर तो वाढत असेल तर जॅकच्या (केबल खुपसायच्या जागेच्या) दोन वायरी उलट जोडल्या गेल्या असण्याची शक्यता मोठी. आत तांब्याची पट्टी लावून शिल्डिंग केलं की चरचर कमी होते, पण चुंबकी गुणगुण त्याने जात नाही. शिल्डिंगवर पैसे घालवण्याआधी हा फरक ओळखा.

लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की प्रकार बदलतो. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची वीज इतकी खडबडीत असते की गुळगुळीत घूं ऐवजी घर्रर्र ऐकू येतं, आणि ते सप्लायमधून ॲम्पमध्ये शिरलं तर लेस पॉलवालाही सुटत नाही. सराव लोडशेडिंगच्या वेळेतच होणार असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प बघा.

आता जी गोष्ट सांगतो ती आवाजाची नाही, जिवाची आहे. मांडवातल्या जनरेटरवर बऱ्याचदा अर्थिंग नीट नसतं. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की झिणझिण्या येतात. पोरं ते हसण्यावारी नेतात. नेऊ नका. गिटार तिथेच खाली ठेवा, वायरमनला बोलवा, ॲम्प आणि साउंड एकाच, अर्थिंग असलेल्या बोर्डावरून घ्या. गुणगुण जाते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. ती पिन तुमच्यासाठीच असते. झिणझिण्या थांबल्याशिवाय एकही सूर वाजवायचा नाही, मग नवरदेवाचे काका कितीही घाई करोत.

चांगली गिटार "बिघडली" म्हणून परत पाठवणं

लेस पॉलचा स्विच मधे ठेवला, एका पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर नेला, तर दुसऱ्याचाही आवाज बंद होतो. नेहमीच्या वायरिंगमध्ये ते तसंच आहे. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटमध्ये ब्रिज पिकअपला टोनच जोडलेला नसतो, म्हणून बटण फिरवून काही फरक पडत नाही. यासाठी ऑनलाइन मागवलेली गिटार परत पाठवलेली मी पाहिली आहे, आणि वाईट वाटलं.

आणखी एक, जरा फसवं. स्ट्रॅटच्या जाड तारेवर वरच्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) वाजवलं की सूर डगमगतो, एकाच वेळी दोन सूर ऐकू आल्यासारखं होतं. लोक फ्रेट घासायला निघतात. दोष असतो पिकअपच्या चुंबकांचा; ते तारेच्या फार जवळ आले की तारेला खेचून धरतात. पिकअपच्या दोन टोकांचे स्क्रू सैल करून पिकअप थोडा खाली उतरवा आणि परत ऐका.

ट्रेमोलोच्या हौसेपायी सूर घालवणं

ट्रेमोलो म्हणजे दांडी दाबून सूर हलवायची सोय. त्यासाठी स्ट्रॅटचा ब्रिज एका बाजूने तारांच्या आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेला असतो. म्हणून एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात, आणि नवशिका अर्धा तास खुंट्याच पिळत बसतो. भर कार्यक्रमात तार तुटली तर उरलेल्या पाचही बेसूर. लेस पॉलमध्ये तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात, गाणं कसंतरी पार पडतं.

उपाय पाच मिनिटांचा आहे. मागचं झाकण काढा, स्प्रिंगांची पट्टी धरणारे दोन मोठे स्क्रू सारखे कसत जा, ब्रिज बॉडीला टेकेपर्यंत. लागल्यास पाचही स्प्रिंग लावा. पहिलं वर्ष असंच वाजवा. दांडी दाबायची हौस नंतर पुरवा.

लेस पॉलचं दुखणं तिसऱ्या तारेचं. हेडस्टॉक (खुंट्या असलेलं डोकं) मागे झुकलेला आणि तार नटमधून खुंटीकडे तिरकी जाते, म्हणून ती खाचेत अडकते. ट्यून करताना टुक् असा आवाज आला तर समजा खाच आवळ आहे. तार बाजूला करून खाचेत शिसपेन्सिल घासा. तरी अडकत असेल तर जाणकाराकडून खाच साफ करून घ्या. खुंट्या बदलून हे दुखणं जात नाही.

हात न बघता तारा चढवणं

स्ट्रॅटची लांबी जास्त, म्हणून त्याच जाडीची तार तिच्यावर जास्त ताठ लागते. लेस पॉलवर सहज वाकणारा दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) स्ट्रॅटवर बारा-तेरा वर्षांच्या पोराची बोटं सोलून काढतो. स्ट्रॅटवर नऊचा सेट लावा. बोटं आखूड असतील तर लेस पॉलचे जवळजवळ असलेले फ्रेट सोयीचे पडतात. पण ती खांद्याला जड असते, कित्येकदा चार किलोच्या वर. स्ट्रॅट साधारण साडेतीन. रात्री नऊपासून उभं राहून वाजवायचं असेल तर हा अर्धा-पाऊण किलो पहाटेपर्यंत चांगलाच जाणवतो. रुंद पट्टा घ्या.

मोटरसायकलवर लेस पॉल

लेस पॉलचा हेडस्टॉक मागे झुकलेला, नेक महोगनीचा, आणि नटच्या मागे नेमका जिथे तो सगळ्यात बारीक तिथेच ट्रस रॉडसाठी (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई) लाकूड कोरलेलं. गिटार नुसती आडवी पडली तरी तिथे तडा जातो. एका पोराची गिटार मऊ बॅगेतून, मोटरसायकलवर दोघांच्या मधे उभी धरून आली होती. खड्ड्यात बॅगचा तळ सीटवर आपटला एवढंच. बॅग उघडली तर तारा सैल, हेडस्टॉक पुढे लोंबकळत होता, फक्त पुढच्या पातळ थराने धरलेला. चांगला कारागीर असा जोड पक्का चिकटवतो, पण तोवर सीझन गेलेला असतो. हार्ड केस नसेल तर लेस पॉल घेऊ नका, इतकं सरळ सांगतो. स्ट्रॅटचा हेडस्टॉक सरळ असतो, मार सोसतो, आणि अगदीच तुटला तर नेक बदलता येतो.

मे महिना आणि कूलर

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. कोरड्या हवेत फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही, आणि फ्रेटची टोकं कडेला बोचायला लागतात. तेवढ्यावरून गिटार बोगस ठरवू नका. टोकं घासून गोल करता येतात. त्यापेक्षा वाईट म्हणजे दिवसा पत्र्याखाली तापलेली गिटार रात्री कूलरच्या ओल्या झोतात ठेवणं. नेक रोज वाकतो-सरळ होतो, तारा गंजतात. गिटार बॅगेत किंवा केसमध्ये, आतल्या खोलीत ठेवा.

नेक तपासायला जाड तार पहिल्या फ्रेटला आणि नेक बॉडीला मिळतो तिथे दाबून धरा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. फटच नसेल आणि पहिल्या फ्रेटांवर तारा चरचरत असतील, जे सहसा उन्हाळ्यात होतं, तर ट्रस रॉड डावीकडे पाव फेरा सैल करा. पावसाळ्यात फट वाढून तारा उंच गेल्या तर उजवीकडे पाव फेरा. एका वेळी पावच, आणि जोर लावावा लागला तर थांबा. रोझवूडच्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा थेंबभर लेमन ऑइल चालतं. वार्निश केलेल्या मेपलला लावू नका.

नाव बघून जुनी गिटार उचलणं

फेंडरच्या घरातली स्वस्त स्ट्रॅट स्क्वायर नावाने येते, गिब्सनच्या घरातली स्वस्त लेस पॉल एपिफोन नावाने. दोन्ही शिकायला आणि कार्यक्रमाला पुरतात. हेडस्टॉकवर गिब्सन लिहिलेलं आणि भाव एपिफोनपेक्षा कमी असेल तर हात लावू नका. खऱ्या गिब्सनच्या ट्रस रॉडवरच्या झाकणाला दोन स्क्रू असतात. नकलांवर तीन दिसतात. लेस पॉलचा नेक मागून चार स्क्रूंनी कसलेला दिसला तर ती फक्त आकाराने लेस पॉल आहे, हे समजून भाव करा.

जुन्या स्ट्रॅटचा प्रत्येक सूर प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा, स्विच पाचही जागी फिरवा, बटणं फिरवताना खरखर येते का ऐका. खरखर स्वस्तात जाते, झिजलेले फ्रेट नाही. जुनी लेस पॉल मात्र उजेडात न्या आणि नटच्या मागच्या बाजूला मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. जुना, भरलेला जोड दिसला तर गिटार वाजेल, पण भाव तेवढा उतरवून घ्या. रेघ ताजी असेल आणि हेडस्टॉक हलकेच दाबल्यावर ती उघडत असेल, तर गिटार परत बॅगेत ठेवायला सांगा.