पावसाळ्याआधी सोसायटीत फ्लूच्या लसीचं शिबिर कसं घ्यावं

आपल्याकडे फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो: जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. पावसाळ्यातली लाट नेमकी शाळा, लोकलची गर्दी आणि गणपतीच्या दिवसांत येते. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून नवी मुंबईतल्या सोसायट्यांनी शिबिर मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावं. नंतर घेतलेली लसही उपयोगी पडते, पण तोवर घराघरात खोकला सुरू झालेला असतो.

तारीख ठरवण्याआधी यादी करा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण बरीच शिबिरं इथेच फसतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप जातो, पैसे भरून धडधाकट माणसं रांगेत उभी राहतात आणि चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या आजी घरातच राहतात. त्यापेक्षा प्रत्येक विंगमधल्या दोघांनी दारोदार जाऊन विचारावं. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, कर्करोगाचे उपचार सुरू असलेले आणि 6 महिने ते 5 वर्षांची मुलं यांची नावं आधी घ्या. 6 महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. अशा घरात बाळाला सांभाळणाऱ्या सगळ्यांनी लस घेतली, तर बाळाला आडोसा मिळतो.

यादीत वॉचमन, सफाई कामगार आणि घरकामाच्या ताईही हव्यातच. त्या रोज चार-पाच घरांत जातात, आजी-आजोबांचं जेवणखाण बघतात आणि ताप आला तरी पगार कापला जाईल म्हणून कामावर येतात. त्यांच्या लसीचा खर्च सोसायटीने उचलावा, असं माझं ठाम मत आहे. कोणाला काय आजार आहे ही माहिती मात्र दोघांपुरतीच ठेवा. ती ग्रुपवर टाकू नका.

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात नाही. तरीही राज्य शासनाने गरोदर माता आणि मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णांना ती मोफत दिलेली आहे. त्यामुळे आधी आपल्या नोडच्या (वाशी, नेरूळ अशा आपल्या भागाच्या) नागरी आरोग्य केंद्रात जाऊन साठ्याची चौकशी करा. नाही मिळाली तर खासगी रुग्णालयाशी बोला. लस चालू मोसमाचीच आहे ना, हे विचारा. विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीतले घटक वर्षातून दोनदा ठरवते. गेल्या मोसमाचा उरलेला साठा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

मग प्रश्न थंडाव्याचा. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. उन्हाळ्यात सगळ्यांना ती तापण्याची भीती वाटते, पण गोठलेली लसही तितकीच निकामी. आईसपॅक फ्रीझरमधून काढून थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड डब्यात) टाकले, तर लस गोठू शकते. ते थोडा वेळ बाहेर ठेवून, हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच आत ठेवतात. सिस्टरना एक आईसपॅक कानाजवळ हलवून दाखवायला सांगा. चांगल्या सिस्टर आनंदाने दाखवतील.

शिबिराच्या दिवशी सावलीची जागा, पंखा आणि भरपूर खुर्च्या लागतात. डॉक्टर हजर हवेत, कोणाला तीव्र ॲलर्जी झालीच तर जवळ ॲड्रेनालिनचं इंजेक्शन हवं. लस घेतल्यावर प्रत्येकाला अर्धा तास बसवून ठेवा. त्या दिवशी चांगलाच ताप असेल त्याला पुढची तारीख द्या. आधीच्या डोसला तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस देऊ नका. 9 वर्षांखालच्या मुलाची पहिलीच खेप असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. दुसरी तारीख तिथल्या तिथे लिहून द्या. वापरलेल्या सुया रुग्णालयाने परत न्याव्यात. सोसायटीच्या कचऱ्यात एकही जाता कामा नये.

‘लस घेऊन फ्लूच झाला तर?’ हे कोणी ना कोणी विचारणारच. दंडावर घ्यायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस कणकण येते. लस प्रत्येक सर्दी अडवत नाही, पण फ्लू जिवावर बेतण्याची शक्यता बरीच कमी करते.

शिबिर झाल्यावर कार्यालयात एक कागद चिकटवा: रुग्णवाहिकेसाठी 108, जवळचं पालिका रुग्णालय, व्हीलचेअर कुठे आहे, ऑक्सिमीटर कोणाकडे आहे. पावसाळ्यातला ताप डेंग्यू, मलेरिया किंवा लेप्टोस्पायरोसिसचाही असतो. त्यामुळे ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नये, पॅरासिटामॉल चालते. धाप लागणं, छातीत दुखणं, ग्लानी येणं, ओठ किंवा नखं निळी पडणं, लहान मुलाने दूध-जेवण सोडणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. यादीतल्या माणसाला ताप आला, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. फ्लूचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं. एकाच इमारतीत बरेच जण तापाने पडले, तर आरोग्य केंद्राला कळवा.

लस दरवर्षी घ्यावी लागते. यादी नीट फाइल करून ठेवा आणि पुढच्या एप्रिलमध्ये नवीन भाडेकरू, नवीन बाळं, नवीन वॉचमन यांची नावं तिच्यात घाला.