भिंतीवरचा हीटर घेताय? आधी या चुका टाळा

हीटर घेताना आपण खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचतो, रंग भिंतीला शोभेल का ते बघतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. खोली कोणी मोजत नाही. मीही मोजली नव्हती. वर माझा पहिला हीटर मी एसीसारखा पार छताखाली लावून घेतला. तासाभराने स्टुलावर चढून हात वर केला तर छताजवळ मस्त ऊब, आणि खाली फरशीवर पाय गारठलेलेच.

हीटर बिघडलेला नव्हता. तो कन्व्हेक्टर होता. खालून गार हवा घ्यायची, तापवून वर सोडायची, एवढंच त्याचं काम. त्यामुळे तो खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा असतो. नेमकं अंतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. खिडकीखालची जागा सगळ्यात चांगली, कारण काचेवरून उतरणारी गार हवा तिथेच तापते. फक्त पडदा हीटरच्या बराच वर संपायला हवा. उंचावर लावण्याशिवाय गत्यंतर नसेल तर हवा खाली फेकणारा पंख्याचा हीटर घ्या, नाहीतर इन्फ्रारेड. इन्फ्रारेड कोवळ्या उन्हासारखा असतो: समोर बसलात की लगेच ऊब, बाजूला सरकलात की संपली. अंघोळीपुरता तो उत्तम, रात्रभर झोपायच्या खोलीसाठी मी घेणार नाही. पंख्याचा हीटर खोली पटकन तापवतो, पण त्याची घरघर झोपमोड करते.

वॅट किती?

साधारण अडीच मीटर उंचीच्या, फटी नसलेल्या खोलीला चौरस फुटामागे १० वॅट धरा. १२० चौरस फुटांना १२०० वॅट. दोन भिंती बाहेरच्या असतील, मोठी खिडकी असेल किंवा वर थेट गच्ची असेल तर १५०० ते १८०० घ्या. लहान हीटर घेऊन वीज वाचत नाही. तो रात्रभर अखंड चालतो आणि खोली तरीही थंडच राहते. दाराखालची फट आधी बुजवलीत तर मात्र खरंच कमी वॅटमध्ये भागतं.

‘कमी विजेत जास्त उष्णता’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. १५०० वॅटचा साधा हीटर आणि १५०० वॅटचा देखणा सिरॅमिक पॅनल, दोघेही पूर्ण जोरावर तासाला दीड युनिट वीज खातात आणि तेवढीच उष्णता देतात. बचत होते ती चांगल्या थर्मोस्टॅटमुळे (खोली तापली की हीटर आपोआप बंद करणारा भाग) आणि टायमरमुळे. विजेच्या दोन-तीन पट उष्णता देणारं यंत्र म्हणजे हीट पंप, म्हणजेच गरम हवेची सोय असलेला एसी. तो घरात आधीच असेल तर हीटर घेण्याआधी तो एकदा चालवून बघा.

वायरिंगकडे दुर्लक्ष

ही चूक सगळ्यात महागात पडते. २३० व्होल्टवर २००० वॅटचा हीटर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो, तोही तासन्‌तास. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटचं हे काम नाही, एक्स्टेन्शन बोर्डाचं तर नाहीच. १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी जाड वायर हवी. अर्धा तास हीटर चालवा, स्विच बंद करा आणि प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल किंवा पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. नुसता प्लग बदलून भागणार नाही, सॉकेटही बदलून घ्या.

बाथरूमसाठी किमान ‘आयपीएक्स४’ (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा) लिहिलेलाच हीटर, तोही शॉवरचं पाणी पोहोचणार नाही अशा जागी. गॅसचा हीटर असेल तर धूर बाहेर नेणारी नळी हवीच. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

लावल्यावर कुरकुर सुरू झाली तर

हीटर मधेच बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो? खोली पुरेशी तापली असेल तर ते थर्मोस्टॅटचं काम. खोली गारच असेल तर जाळीत धूळ बसली असेल किंवा पुढे काहीतरी आडवं आलं असेल, म्हणून आतलं सुरक्षा-कटआउट उडत असेल. वर टॉवेल वाळत घातला की हेच होतं. थंडीच्या पहिल्या दिवशी येणारा जळका वास बहुधा धुळीचा असतो आणि काही वेळात जातो. जात नसेल, किंवा प्लास्टिक जळल्यासारखा येत असेल, तर लगेच बंद करा. गिझर लावला की एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडतो, म्हणजे एकाच लाइनवर दोघांचा भार आहे. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर मात्र करंट कुठेतरी गळतोय, बहुतेकदा एलिमेंटमध्ये, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागात, ओल शिरलेली असते. पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि तापताना, निवताना येणारी टिकटिक म्हणजे नुसता पत्रा फुगतो-आकसतो. सॉकेटमधून चर्र आवाज आला, तर तो पत्र्याचा नव्हे.