जुने मॅन्युअल एसएलआर पारखताना या चुका टाळा

दोन जुने एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच दृश्य दाखवणारे रोलचे कॅमेरे, शेजारी ठेवले की आपण आधी शटरचा सर्वाधिक वेग बघतो. निकॉन एफएम२ चा १/४०००, पेंटॅक्स के१००० चा १/१०००. पण भर उन्हात अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडून फोटो काढायची सवय नसेल, तर हा फरक क्वचितच जाणवतो. रोज जाणवतं ते हे, की कुठलं बटण कुठल्या बोटाखाली येतं. एका कॅमेऱ्याची सवय घेऊन दुसरा हाताळला की धडधाकट कॅमेराही बिघडलेला वाटतो.

एफएम२ चं शटर दाबलंच जात नाही? रोल पुढे सरकवायचा लिव्हर आत दाबलेला असेल. तो थोडा बाहेर ओढला की लॉक सुटतं. डावा डोळा लावणाऱ्यांच्या कपाळाला मात्र तो टोचतो, तेव्हा घेण्याआधी डोळा लावून बघाच. ऑलिंपस ओएम-१ वर वेगाची चकती वरच्या बाजूला शोधू नका. तिथे रोलचा एएसए, म्हणजे प्रकाशाला किती संवेदनशील आहे तो आकडा, लावायचा असतो; वेगाची रिंग लेन्सच्या बुडाशी आहे. सवय झाली की डावा हात एकटाच फोकस, अॅपर्चर आणि वेग सांभाळतो. माझ्या मते याहून सोयीची मांडणी नाही.

कॅनन एई-१ (१९७६) सेलशिवाय चालतच नाही, म्हणून मुका कॅमेरा मोडीत काढण्याआधी ६ व्होल्टचा नवा सेल घाला. आणखी एक: लेन्स ‘ए’ (आपोआप अॅपर्चर) वरून काढून अॅपर्चर हाताने लावलं, तरी व्ह्यूफाइंडरमधला काटा प्रकाश मोजणाऱ्या मीटरने सुचवलेलं अॅपर्चरच दाखवतो, तुम्ही लावलेलं नाही. के१००० सारखा काटा मध्यावर आणायच्या नादात इथे रोल वाया जातो. उलट के१००० च्या मीटरला बंद करायचं बटणच नाही. वापरून झाल्यावर लेन्सला झाकण लावलं नाही तर सेल उतरतो.

सर्वांत महाग पडते ती सेलची चूक. ओएम-१ आणि मिनोल्टा एसआरटी-१०१ ही मॉडेलं १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेली आहेत. ते सेल आता मिळत नाहीत, म्हणून त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला जातो. काटा हलतो, सगळं ठीक वाटतं. पण मीटर प्रकाश आहे त्याहून जास्त दाखवतं आणि फोटो अंधारे येतात. एएसए थोडा कमी लावून भागवावं, तर अल्कलाइनचा विजेचा दाब (व्होल्टेज) वापरताना उतरत जातो आणि चूकही बदलत राहते. श्रवणयंत्राचे झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहतात, फक्त काही आठवड्यांत संपतात. कायमचा उपाय हवा तर दाब उतरवणारा अॅडॅप्टर आणि सिल्व्हर ऑक्साइड सेल वापरा, किंवा मीटर नव्या सेलनुसार जुळवून घ्या. नंतर खात्रीच्या मीटरशी ऊन, सावली आणि घरातला उजेड अशा तिन्ही ठिकाणी ताडून बघा.

निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या, एआय (लावलेलं अॅपर्चर कॅमेऱ्याच्या मीटरला कळवायची निकॉनची पद्धत) न केलेल्या लेन्स एफएम२ वर बळजबरीने बसवू नका, कॅमेऱ्याचं नुकसान होतं. पहिल्या एफएम वर त्या बसतात, कारण तिथली खिट्टी उचलता येते.

फ्लॅशच्या फोटोत एक बाजू काळी आली, तर शटरला दोष देण्याआधी वेग बघा. फ्लॅश वापरताना एई-१ ला १/६० च्या वर जाता येत नाही. एफएम२ सुरुवातीच्या आवृत्तीत १/२०० आणि पुढच्या आवृत्तीत १/२५० पर्यंत चालतो.

रोल भरल्यावर लिव्हर ओढताना रिवाइंडची कळ फिरते का ते पाहा. फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही. मागचं झाकण उघडून पुन्हा भरा.