माजी सैनिकांचा सत्कार ठेवताय? आधी एक वही घ्या

गावात माजी सैनिकांचा कार्यक्रम करायचं ठरलं की पहिली चर्चा 'पाहुणा कोण' याचीच होते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. वडील सैन्याच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहनाच्या दलातून, हवालदार म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षं हा कार्यक्रम माझ्याकडे आहे. पाहुणा शेवटच्या आठवड्यात ठरला तरी निभावतं, सैनिकांच्या यादीला मात्र दोन महिने लागतात.

पहिल्या वर्षी यादी मी ऐकीव माहितीवर केली आणि माईकवर एका नायब सुभेदारांना एक पद खाली आणून हवालदार म्हणाले. ते उठले, शाल घेतली, जाऊन बसले. घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "त्या एका पायरीसाठी त्याची वीस-बावीस वर्षं गेली असतील गं."

तेव्हापासून वही. घरी जायचं, चहा घ्यायचा, मग डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, बघायला मागायचं. त्यातून सर्व्हिस नंबर, पद, युनिट आणि मेडलं उतरवून घ्यायची. 'पूर्वी स्टार', 'पश्चिमी स्टार' किंवा 'संग्राम मेडल' असेल तर तो माणूस 1971 च्या युद्धाच्या वेळचा. 'समर सेवा स्टार' असेल तर 1965 च्या. कुणी 'ऑपरेशन पवन' म्हणालं तर ते श्रीलंकेला गेलेले, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे तर नावातच मिलिटरी मिरवतं, पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण धारातीर्थी पडले. म्हणून साताऱ्याचे सगळे मराठा लाइट इन्फंट्रीतच असतील असं धरू नका. माझ्या वहीत महार रेजिमेंट आहे, बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी इंजिनिअर दलातले आहेत, एएससीचे म्हणजे रसद पोचवणाऱ्या दलाचे ड्रायव्हर आहेत, नौदलातले दोघे आहेत आणि एक स्वयंपाकी नाना आहेत. "त्यांचं काय नाव घ्यायचं, ते तर भाकऱ्या थापायला होते," असं समितीतला एक जण बोलला होता. नानांनी सियाचिनच्या बर्फात पोरांना गरम खायला घातलं. त्यांचं पद आणि युनिट बाकीच्यांइतकंच ठणठणीत आवाजात वाचायचं.

वीरनारी आणि वीरमातांचं पान वेगळं ठेवा. ज्यांचा माणूस लढाईत नाही तर नोकरीत असताना अपघातानं किंवा आजारानं गेला, त्यांनाही त्यात घ्या. दुसऱ्या वर्षी आमच्याकडून असं एक घर सुटलं, तेही शाळेच्या भिंतीला लागून असलेलं. काकी दारात उभ्या राहून लाउडस्पीकर ऐकत होत्या, हे मला आठवड्यानं कळलं. पुढच्या वर्षीचं पहिलं आमंत्रण मी स्वतः त्यांच्या हातात दिलं. त्या आल्या, पण चौथ्या वर्षी.

तारीख शक्यतो 15 ऑगस्ट किंवा 26 जानेवारी नको. त्या दिवशी झेंडावंदन, कवायत आणि बक्षिसं यांत सैनिकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात. 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, आमच्याकडे भाताची लावण चालू असते. 7 डिसेंबर हा ध्वजदिन निधीच्या कामाचा. 14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. 1953 साली त्याच तारखेला फील्ड मार्शल करिअप्पा निवृत्त झाले. पण संक्रांतीला बायका हळदीकुंकवाच्या गडबडीत, म्हणजे वीरनारी येणार कशा? म्हणून आम्ही 16 डिसेंबर धरला, 1971 ला पाकिस्तानी सैन्यानं ढाक्यात शरणागती पत्करली तो दिवस. वेळ सकाळी दहाची. आमच्याकडे त्याआधी थंडी हटत नाही.

स्टेज बांधू नका. 1971 ला लढलेले आता सत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले. पायऱ्या चढवताना दोघांनी बखोटीला धरायचं आणि टाळ्या वाजवायच्या, हे बघवत नाही. हाताच्या खुर्च्या पटांगणात अर्धगोल मांडा आणि पाहुण्यांना सैनिकांसमोर बसवा. टेबलावर तिरंगा अंथरायचा नाही, ध्वजसंहितेत ते चालत नाही. मंडपवाल्याला हे आदल्या दिवशीच सांगा, नाहीतर तो हौसेनं अंथरून मोकळा होतो.

भाषणं दोनच ठेवा. सैनिकांना माईक देऊन "दोन शब्द बोला" म्हटलं की ते "सर्वांचे आभार" म्हणून बसतात. त्यापेक्षा मुलांना प्रश्न विचारू द्या. पहिली पोस्टिंग कुठं होती? घरचं पत्र किती दिवसांनी यायचं? "किती जणांना मारलं?" हा प्रश्न सातवी-आठवीतलं एखादं पोरगं विचारतंच, त्याला आधी बाजूला घेऊन समजवा. नानांना कुणीतरी विचारलं, "तिथं अंडं कसं उकडायचं?" नाना म्हणाले, "आधी ते हातोडीनं फोडून तर दाखव!" आणि मग अर्धा तास बोलले. मुलाखत आखली असती तर इतकं निघालं नसतं.

शाल-श्रीफळाचा खर्च आम्ही तिसऱ्या वर्षी बंद केला. एका सुभेदारांच्या घरी शालींची गादी भरता येईल एवढी चवड होती. त्याऐवजी कोपऱ्यात सैनिकांच्या कागदपत्रांच्या कामाचं एक टेबल लावतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला महिनाभर आधी पत्र दिलं तर कल्याण संघटकांना बोलावता येतं. एका बाजूला ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, बसतात, कारण माजी सैनिकाच्या घरपट्टीच्या माफीसाठी अर्ज करावा लागतो आणि तो कित्येकांनी केलेलाच नसतो. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, बायकोचं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही भानगड आमच्या गावात पाच घरांत निघाली. नवरा हयात असताना ते दुरुस्त करणं सोपं जातं. नंतर त्या बाईला सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रापत्री करत बसावं लागतं. टेबलावर झेरॉक्सची सोय हवी आणि फॉर्म भरायला सुवाच्य अक्षराची दोन पोरं.

श्रद्धांजलीला हार नको, पुष्पचक्र आणा आणि ते गावातल्या सगळ्यात वयस्क सैनिकाच्या हातून ठेवा. मौन दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं, घड्याळ लावून. आमचे सरपंच चाळीस सेकंदांतच "धन्यवाद" म्हणायचे.

आणि वही शाळेच्या कपाटात ठेवू नका. शिक्षकांच्या बदल्या होतात, कपाटाच्या किल्ल्या हरवतात. माझ्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आहे, दुसरी त्या नायब सुभेदारांकडे. फोन नंबर पेन्सिलनं लिहिलेत, सर्व्हिस नंबर पेनानं.