छोट्या हत्तीच्या हौद्यात गो-कार्ट: घरी केलेला रॅक

आमच्या टाटा एसच्या हौद्यात पाच दिवस गुळाचे रवे (ढेपा) असतात आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी पोराची गो-कार्ट, म्हणजे शर्यतीची बुटकी छोटी गाडी. दोघांचं एकमेकांशी जमत नाही. पहिल्या खेपेला हौदा नुसता झाडून कार्ट ठेवली होती. ट्रॅकवर पोचलो तेव्हा सीटच्या खाचेत मुंग्यांची रांग लागलेली.

मुंग्या झटकता आल्या. खरी भानगड नंतर कळली. मी कार्ट रॅचेटच्या (दांडी मागे-पुढे करून आवळायच्या) पट्ट्यांनी आवळून बांधली होती, गूळ बांधतो तशी, वर गुडघा टेकून. दोन पट्टे पुढच्या चाकांजवळच्या दांड्यांवरून घेतलेले. पोरगा दोन फेऱ्या मारून आत आला आणि म्हणाला, "पप्पा, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडं पळतीय." शेजारच्या तंबूतल्या मेकॅनिकने पुढच्या चाकांची मापं घेतली. टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते माप, सहा मिमी सरकलेला. मी ज्याला साधी दांडी समजलो तो टाय रॉड होता, स्टिअरिंगने चाक वळवणारा.

कार्टला सस्पेन्शन नसतं, वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियलही नसतं. मागची दोन्ही चाकं एकाच ५० मिमी जाडीच्या ॲक्सलवर घट्ट बसलेली. वळणावर आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती वळते, आणि ते उचलण्याचं काम ३०-३२ मिमी नळीची चासी (सांगाडा) स्वतः पिळून करते. म्हणजे चासी हीच स्प्रिंग. त्या स्प्रिंगला आपण पट्ट्याने ट्रॅकपर्यंतचे सहाशे किलोमीटर पिळून ठेवायचं आणि वर रस्त्याचे धक्के द्यायचे, हे बरं नव्हे. म्हणून माझा रॅक एकाच गोष्टीभोवती बेतलाय: कार्ट आवळायची नाही, खोबणीत बसवायची. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणं लोखंडाने अडवायचं. पट्टा फक्त कार्टने वर उडी मारू नये यासाठी.

आधी मापं. माझ्या एसचा हौदा आतून २२०० बाय १४९० मिमी, बाजूची भिंत ३०० मिमी उंच. कार्ट ज्युनियर गटातली, १२५ सीसीच्या रोटॅक्स मॅक्स इंजिनाची. मागच्या टायरच्या बाहेरून बाहेरपर्यंत १४०० मिमी, नाकापासून मागच्या बंपरपर्यंत १९०० च्या आसपास. यार्डातल्या गुळाच्या काट्यावर चढवली तर पेट्रोल काढून ७८ किलो भरली. तुमची गाडी वेगळी असेल तर टेप घेऊन स्वतः मोजा. एक पथ्य मात्र सगळ्यांनाच आहे: कार्टचं काहीही गाडीच्या बॉडीबाहेर येता कामा नये, ना बाजूला, ना मागे. मोटार वाहन कायद्याच्या १९४(१ए) कलमात बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, शिवाय माल तिथेच उतरवायचा खर्च आपला. फाळका उघडा टाकून कार्टचं बूड बाहेर लोंबवणारे मी पाहिलेत. तो मोह टाळा.

बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते म्हणजे दोन फळ्या टाकून ढकलत वर चढवू. मीही दोन फळ्या आणल्या होत्या. आता त्यांचं गोदामात बाकडं झालंय. कार्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण १०४० मिमी अंतर आणि पोट जमिनीपासून जेमतेम ४० मिमी वर. उताराच्या माथ्यावर पुढची चाकं हौद्यात आणि मागची फळीवर असताना पोट घासू नये, तर फळीचा चढ नऊ अंशांच्या आत पाहिजे. हौदा जमिनीपासून ७०० मिमी वर धरला तरी फळी साडेचार मीटरहून लांब लागते. म्हणजे गाडी परवडली, फळी नको. त्यात पुढची चाकं आणि मागची चाकं एका रेषेत धावतही नाहीत, त्यामुळे फळी फूटभर रुंद हवी ती वेगळीच.

म्हणून दोन भाग केले. एक, हौद्यात बसणारा घोडा. दुसरा, त्यावर सरकत जाणारा पाळणा. कार्ट जमिनीवरच पाळण्यात बसवायची आणि पाळण्यासकट हातगाडीसारखी वर सरकवायची. घोड्याची उंची ३३० मिमी ठेवली, म्हणजे टायर बाजूच्या भिंतीच्या वर राहतात, पट्ट्यांपर्यंत हात पोचतो आणि खालच्या पोकळीत जादा टायर, हत्यारांची पेटी आणि कार्टचा स्टँड मावतो.

लोखंड सगळं ४० बाय ४० चं, २ मिमी जाडीचं चौकोनी पाइप. मीटरला साधारण २.४ किलो वजन. वीस फुटी चार नळ्या लागतात. घोड्याला दोन लांब रूळ २१०० मिमीचे, सहा पाय, पायाखाली हौद्याच्या रुंदीत बसणारे आडवे १४०० मिमीचे, आणि दोन तिरक्या कैच्या. कैच्या विसरू नका. ब्रेक दाबला की अख्खा घोडा पुढे झुकायला बघतो, आणि नुसत्या काटकोनी जोडाला ते फार दिवस झेपत नाही. पाळण्याला दोन धावपट्ट्या १९०० मिमीच्या, बाहेरून बाहेर ६४० मिमीवर, म्हणजे मागच्या दोन टायरांच्या मधल्या जागेत आरामात जातात. त्यांच्यावर आडवे तुकडे ७६० मिमीचे.

आडवे तुकडे फक्त दोनच. मिस्त्री म्हणाला, "अण्णा, तीन टाकू की, मजबूत हुईल." नको. चासी लवचीक असते. तिसरा तुकडा जराही वर-खाली असला तर आपणच तिला पिळून ठेवू. पुढचा तुकडा पुढच्या चाकांच्या थोडा मागे, मागचा ॲक्सलच्या हातभर पुढे. ॲक्सलच्या खाली काही घेऊ नका: डावीकडे ब्रेकची डिस्क आणि उजवीकडे चेनचं मोठं दातेरी चाक जवळजवळ चासीच्या तळापर्यंत खाली आलेलं असतं. धावपट्ट्यांची टोकं एकमेकांशी जोडायला जे लागतं ते खालच्या पातळीत, चासीला न टेकता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये एका दुपारी वेल्डिंग उरकलं. २.५ मिमीचा ६०१३ रॉड, करंट कमी; २ मिमी पाइपला भोक पडायला वेळ लागत नाही. सगळीकडे आधी नुसते टाके, मग कर्ण मोजायचे. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पूर्ण वेल्ड, तोही एका कोपऱ्यावरून समोरच्या कोपऱ्यावर उड्या मारत, नाहीतर उष्णतेने चौकट एका बाजूला ओढली जाते. पाळण्याचे दोन आडवे तुकडे लेव्हलने तपासा. एकाचा बुडबुडा मधे आणि दुसऱ्याचा कडेला असेल तर तो जोड कापा आणि पुन्हा लावा. माझा एकदा कापावा लागला. मिस्त्रीचं तोंड वाकडं झालं, पण चहा पाजल्यावर सरळ झालं. आणि मापाला म्हणून कार्ट पाळण्यात ठेवून टाके मारायचे नाहीत. ठिणगी सीटवर पडली तर भोक, टायरवर पडली तर डाग, पेट्रोलच्या टाकीजवळ पडली तर बोलायलाच नको. खडूने खूण करा, कार्ट उचला, मग वेल्डिंग.

आता खोबणी. आडव्या तुकड्यांच्या टोकांना, चासीच्या मुख्य नळ्यांच्या बाहेरून, ४० बाय ५ च्या पट्टीचे उभे कान लावले. त्याने डावी-उजवीकडची हालचाल थांबते. पुढे-मागे सरकू नये म्हणून सीटच्या पुढची चासीची आडवी नळी दोन कानांच्या मध्ये बसेल असे आणखी चार कान, धावपट्ट्यांवर उंचावून. फट दोन-तीन मिमीची. सगळीकडे रबर. आमच्याकडे साखर कारखान्यांच्या कन्व्हेअर पट्ट्याचे तुकडे भंगारात मिळतात, १० मिमी जाडीचे. त्याच्याइतकं टिकाऊ दुसरं सापडलं नाही. सायकलची ट्यूब गुंडाळू नका, एका खेपेत फाटते. ट्रकची ट्यूब चालेल.

पट्टे चार, २५ मिमी रुंदीचे, रॅचेट नसलेले: दाबलं की सुटतं त्या बकलचे. चासीची नळी जिथे रबरावर टेकते अगदी तिथेच, नळीवरून घेऊन खालच्या आडव्या तुकड्याभोवती सरळ उभा वळसा. आधाराच्या नेमक्या वर ओढ पडली की नळी वाकायचा प्रश्नच नाही. हाताने ओढून जेवढं घट्ट होईल तेवढं पुरे. स्टिअरिंग कॉलम, टाय रॉड, ॲक्सल, रेडिएटर यांच्यावरून पट्टा न्यायचा नाही.

सरकण्यासाठी घोड्याच्या दोन्ही रुळांच्या मागच्या टोकाला ६२०३ नंबरचं एकेक बेअरिंग बसवलं, रुळाच्या पातळीच्या पाच मिमी वर येईल असं. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे काढून टाकलेली मिळतात, थोडी खडखडली तरी आपल्याला चालतात. उरलेल्या रुळावर स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या भाजी चिरायच्या बोर्डाच्या पट्ट्या, काउंटरसंक (डोकं आत बुडणाऱ्या) स्क्रूने. (बोर्ड नवीन आणला होता, पण घरात अजून कुणी विश्वास ठेवत नाही.) वर मेणबत्ती घासली की पाळणा लोण्यासारखा जातो. पूर्ण आत गेला की त्याची शेपटी बेअरिंगच्या पुढे पाच मिमी खाली पडते आणि टक असा आवाज येतो. तोच पहिला अडसर. त्यानंतर १२ मिमीची पिन आणि ती निसटू नये म्हणून तिला कडीची लिंच पिन, ट्रॅक्टरच्या दुकानातली. पुढच्या बाजूला धावपट्ट्यांची नाकं अँगलच्या कपारीत शिरतात, त्यामुळे पुढूनही उचलली जात नाहीत. रुळांच्या बाहेरच्या कडेला उभी पट्टी लावा, नाहीतर पाळणा तिरका शिरतो.

गाडीला एकही भोक पाडायचं नाही, काही वेल्ड करायचं नाही. कायम केलेला फेरबदल आरटीओच्या नजरेत वेगळा ठरतो आणि मला सोमवारी गूळ भरायचा असतो. घोड्याचं पुढचं टोक केबिनमागच्या पत्र्याला थेट टेकवू नका, मधे लाकडी फळी घाला. मग हौद्याच्या मूळच्या हुकांना चार कोपऱ्यांतून ५० मिमीचे रॅचेट पट्टे. इथे मात्र हवा तेवढा जोर काढा, गुडघाही टेका. लोखंडाला काही होत नाही.

चढवताना टाकी रिकामी, बॅटरीची वायर सोडलेली, सायलेन्सर आणि एअरबॉक्सच्या (इंजिनात हवा घेणाऱ्या डब्याच्या) तोंडात फडकं. फडकं लाल घ्या, म्हणजे काढायचं राहत नाही. कार्ट पाळण्यात बसवून, चारही पट्टे लावूनच उचलायचं. नाक आधी, कारण मागची बाजू जड असते. कार्ट आणि पाळणा मिळून पंचाण्णव किलोच्या घरात, पण एका वेळी एकच टोक उचलायचं असल्याने दोन माणसांत होतं. इंजीन उजवीकडे असतं, त्यामुळे जास्त ताकदीचा माणूस उजव्या हाताला. नाक बेअरिंगवर टेकलं की दोघांनी मागे यायचं, शेपटी उचलायची आणि ढकलायचं. शेपटी उचलताना पाठ नाही, गुडघे वाकवा. मला हे फुकट शिकायला मिळालं नाही, आठ दिवस कमरेला पट्टा लावून दुकानाच्या गादीवर बसलो होतो.

वरून ताडपत्री घालतो, पण ती कार्टला चिकटेल अशी नाही. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री नाकावरचे स्टिकर एका दिवसात पांढरे करते. आधी जुनी चादर, मग ताडपत्री, आणि तिचे दोर घोड्याला.

कोल्हापुरातून बेंगळुरूच्या दिशेने निघालो की कागलला पहिला थांबा. वीसेक किलोमीटरमध्ये नवीन बांधलेले पट्टे हमखास सैल पडतात. दुसरा थांबा निपाणीच्या पुढचा तवंदी घाट ओलांडल्यावर. तिथे फक्त पिन आणि मागचे दोन पट्टे बघतो, दोन मिनिटांचं काम. कार्टच्या खरेदीचं बिल केबिनमध्ये ठेवा. एका नाक्यावर एका हवालदाराने ताडपत्री वर करून विचारलं होतं, "हिचा नंबर कुठाय?" नंबर नसतो, ही रस्त्यावर चालत नाही, हे त्यांना पटवायला बिल, पोराचा हेल्मेट घातलेला फोटो आणि शेवटी पोरगा, इतकं सगळं दाखवावं लागलं.

परत आल्यावर रविवारी रात्रीच घोडा उतरवतो. साधारण अडतीस किलो, दोघांत सहज होतो. गोदामाच्या भिंतीवर दोन खुंट्या ठोकल्यात, त्यावर उभा टांगतो. पाळणा कार्टसकट शेडमध्ये स्टँडवर राहतो. स्टँडच्या चार पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून, मुंग्यांसाठी.