छोट्या विमानातून कॅमेरा नेताना बॅग कशी भरावी

मुंबईहून अमरावती, केशोद किंवा जळगावसारख्या ठिकाणी छोट्या विमानाने जाणाऱ्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा निकाल चेक-इन काउंटरवर लागत नाही आणि सुरक्षा तपासणीतही लागत नाही. तो लागतो बसमधून उतरल्यावर, विमानाच्या शिडीच्या पायथ्याशी. तिथला कर्मचारी बॅगेकडे एक नजर टाकतो, ‘ही वर मावणार नाही’ एवढेच सांगतो, हँडलला टॅग अडकवतो आणि पुढच्या प्रवाशाकडे वळतो. आपल्या मागे रांग असते, शेजारी इंजिनाची घरघर असते आणि हुज्जत घालायला उसंत नसते. म्हणून छोट्या विमानासाठी बॅग भरायची ती या एका क्षणाचा विचार करून: बॅग हातातून गेलीच, तर तिच्यातले काय आपल्याजवळ राहिले पाहिजे आणि ते किती सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजे.

मी हे शिकलो ते एका जुलैमध्ये, धो धो पावसात. माझ्या पाठीवरच्या बॅगेत दूरचे टिपणारी मोठी टेलिफोटो लेन्स, दोन बॉडी (म्हणजे लेन्स न लावलेले कॅमेरे) आणि सुट्या बॅटऱ्या असे सगळे एकत्र कोंबलेले होते. शिडीपाशी बॅग मागितली गेली तेव्हा बॅटऱ्या शोधण्यासाठी मला ती ओल्या डांबरावर उघडावी लागली आणि मागच्या काकांनी आपली छत्री माझ्या लेन्सवर धरली म्हणून निभावले. चूक त्या कर्मचाऱ्याची नव्हती. त्या विमानात ती बॅग खरोखरच मावली नसती.

आधी विमान ओळखावे. या मार्गांवर बहुधा एटीआर ७२ हे पंख्यांचे विमान असते. त्यात ७० ते ७८ आसने, दोन-दोनच्या जोड्यांत, आणि प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असते. डोक्यावरचे कप्पे मोठ्या जेट विमानाच्या मानाने उथळ असतात, त्यामुळे एअरबस ३२०मध्ये सहज सरकणारी चाकांची बॅग इथे कप्प्याच्या तोंडाशीच अडते. ५० आसनांच्या एम्ब्रेअर १४५मध्ये एका बाजूला एकेरी आसनांची रांग असते आणि त्या बाजूला वरचा कप्पाच नसतो. त्या मानाने एम्ब्रेअर १७५ पुष्कळ ऐसपैस आहे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला दिसला नाही, तर आसनांचा नकाशा उघडून पाहावा. मधले आसन कुठेच नसेल, तर आपल्याला हे सगळे नियम लागू आहेत असे समजावे. त्याच वेळी विमान कुठून सुटते आहे हेही नीट वाचावे, कारण डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे आणि पहाटे साडेचारला सहारच्या जुन्या विमानतळाच्या दारात उभे राहून आपले विमान पनवेलच्या बाजूचे आहे हे कळण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

आता वजन. भारतातल्या देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेची सर्वसाधारण मर्यादा ७ किलो आणि माप ५५ × ३५ × २५ सेंटीमीटर असे असते. काही छोट्या कंपन्या ५ किलोंवरच थांबतात, म्हणून आपल्या तिकिटावरचा आकडाच प्रमाण मानावा. हा आकडा किती लवकर संपतो ते एका उदाहरणावरून पाहा. सोनीची ए७ फोर ही बॉडी बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅम भरते. २००-६०० मिलिमीटरची लेन्स ट्रायपॉडची कडी काढून २११५ ग्रॅम. जोडीला २४-७० मिलिमीटरची दुसऱ्या पिढीची जीएम लेन्स, ६९५ ग्रॅम. एवढ्यानेच साडेतीन किलो होतात. त्यात गाद्या लावलेली रिकामी बॅग दोन किलोंची असेल, तर साडेपाच किलो झाले आणि अजून लॅपटॉप, चार्जर, हार्ड डिस्क हे बाहेरच आहेत. निकॉन किंवा कॅनन वापरणाऱ्यांचे गणित याहून फार निराळे येत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बॅगच हलकी घेणे. महागड्या फोटो-बॅगा मजबूत असतात, पण त्यांची मजबुती आपल्याला चेक-इनमध्ये हवी असते. हातात नेण्याच्या बॅगेला तिचा फारसा उपयोग नाही. फोर्टात बोरा बाजारच्या परिसरातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत गादीचे सुटे खण मिळतात, ते साध्या कापडी पाठपिशवीत घातले की एक किलोच्या आतबाहेर काम भागते. शिवाय अशी बॅग बाहेरून कॅमेऱ्याची वाटत नाही, हा लोकलने फिरणाऱ्यांना मिळणारा वरचा फायदा. जाडीकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. लांबी-रुंदी नियमात असूनही फुगलेली बॅग उथळ कप्प्यात जात नाही, म्हणून मी भरलेली बॅग जमिनीवर आडवी ठेवून तिची जाडी २० सेंटीमीटरच्या आत आहे ना, हे फूटपट्टीने पाहतो. वर सांगितलेली लांब लेन्स साधारण ३२ सेंटीमीटर लांब आणि ११ सेंटीमीटर जाड आहे. बॉडीपासून वेगळी करून ती आडवी ठेवली तर २० सेंटीमीटरांत आरामात बसते, पण बॉडी लावून ठेवली तर खणांची सगळी मांडणीच बिघडते. वजनासाठी हातात धरायचा डिजिटल काटा घ्यावा. तो नसेल, तर खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर बॅग ठेवायला लाजू नये. तो आनंदाने वजन सांगतो आणि जुनी वर्तमानपत्रे केव्हा देणार हेही विचारतो.

मूळ युक्ती आहे ती बॅगेत बॅग ठेवण्याची. पाठपिशवीच्या अगदी वरच्या खणात एक छोटी, पट्टा असलेली पिशवी ठेवावी. तिच्यात एक बॉडी, रोजच्या वापरातली एक लेन्स, सगळ्या सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक, मेमरी कार्डे आणि हार्ड डिस्क असावी. शिडीपाशी बॅग मागितली गेली की वरची चेन उघडायची, ही पिशवी खांद्याला लावायची आणि उरलेली बॅग निमूटपणे द्यायची. दहा सेकंदांचे काम आहे. घरी एकदा मुलाला कर्मचारी करून ही तालीम करून पाहावी. पहिल्या खेपेला पट्टा कशात तरी अडकतोच. मोठी लेन्स मात्र या पिशवीत मावत नाही. तिला शक्यतो आसनाखाली जाईल अशा बेताने मुख्य बॅगेत ठेवावे आणि खणाच्या चारही बाजूंना स्वेटर किंवा टॉवेलची जाड गुंडाळी द्यावी, म्हणजे बॅग मालखणात गेली तरी दणका थेट काचेपर्यंत पोचणार नाही.

बॅटऱ्यांच्या बाबतीत सवलत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाहीत. शिडीपाशी घेतलेली बॅगही शेवटी मालखणातच जाते, म्हणून त्या तिच्यात राहता कामा नयेत. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या हातातल्या सामानात नेता येतात, १०० ते १६० वॉट-तासांच्या सुट्या बॅटऱ्या कंपनीच्या परवानगीने जास्तीत जास्त दोन, आणि त्याहून मोठ्या बॅटऱ्या प्रवासी विमानात नेताच येत नाहीत. वॉट-तास काढायला बॅटरीवरचे मिलिअँपिअर-तास १००० ने भागून व्होल्टने गुणावे: २२८० मिलिअँपिअर-तास आणि ७.२ व्होल्टची कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम १६.४ वॉट-तासांची असते, तर २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ येते. काळजी करायची ती व्हिडिओवाल्यांच्या मोठ्या बॅटऱ्यांची. अंगावरची अक्षरे पुसली गेलेली बॅटरी तपासणीत अडते, तेव्हा तशी बॅटरी घरीच ठेवावी. प्रत्येक सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी किंवा मूळ टोपण घालावे. मी चार बॅटऱ्या साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवतो, ती पारदर्शक असल्यामुळे तपासणाऱ्याला उघडावीही लागत नाही.

सुरक्षा तपासणीत सीआयएसएफचे जवान कॅमेरा, लॅपटॉप आणि चार्जर ट्रेमध्ये वेगळे ठेवायला सांगतात. इथेही वरची छोटी पिशवी कामी येते, कारण तपासणीत लागणाऱ्या बहुतेक वस्तू तिच्यातच असतात. ट्रायपॉड, मोनोपॉड, स्क्रू ड्रायव्हर आणि पकड हे चेक-इनमध्येच टाकावे. ‘मागच्या वेळी सोडले होते’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. फिल्म वापरणारे अजूनही आहेत, त्यांनी रीळ चेक-इनमध्ये कधीही टाकू नये, कारण त्या यंत्राचा क्ष-किरण अधिक तीव्र असतो. जास्त वेगाची, म्हणजे कमी उजेडात वापरायची फिल्म असेल, तर ती हाताने तपासण्याची विनंती नम्रपणे करावी. डिजिटल कार्डांना या यंत्रांपासून धोका नाही.

लेन्स चेक-इनमध्ये टाकून मोकळे व्हावे असा सल्ला कोणी दिला, तर त्याला एक आकडा सांगावा. देशांतर्गत प्रवासात सामान हरवले किंवा त्याचे नुकसान झाले, तर कंपनीची भरपाई प्रवाशामागे २०,००० रुपयांच्या मर्यादेत असते, आणि या रकमेत वर सांगितलेल्या लेन्सचे पुढचे टोपण आणि थोडे काही येईल. वेगळा विमा असलेला बरा, तोही प्रवासातले नुकसान त्यात धरले आहे ना हे वाचून घेतलेला.

छोट्या विमानात आणखी एक गोष्ट घडते. उन्हाळ्यात विदर्भात पारा ४० अंशांच्या वर गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी मोठी नसेल तर विमानाला वजन कमी करावे लागते. अमरावतीची धावपट्टी १८५० मीटरची आहे. अशा वेळी काही चेक-इन बॅगा मागे राहून दुसऱ्या फेरीने येऊ शकतात. १६ एप्रिल २०२५ला मुंबई-अमरावती विमान सुरू झाल्यापासून मेळघाट मुंबईकरांच्या आवाक्यात आला खरा, पण पहाटेच्या सफारीला ट्रायपॉड आणि चार्जर मागच्या विमानात असतील, तर त्या जवळिकीचा उपयोग नाही. चार्जर म्हणूनच हातात असावा. ट्रायपॉडऐवजी जीपच्या कठड्यावर टेकायला एक रिकामी कापडी पिशवी न्यावी, जी तिथल्या तांदळाने किंवा डाळीने भरता येते.

आसन निवडताना पहिली रांग आणि आपत्कालीन दाराजवळची रांग टाळावी, कारण तिथे पायाशी बॅग ठेवू देत नाहीत. एटीआरचा पंख वर असल्यामुळे खिडकीतून खालची जमीन मोकळी दिसते. तेवढ्यासाठी छोट्या पिशवीतली बॉडी मांडीवर घ्यायला हरकत नाही, मात्र पुणे किंवा जामनगरसारख्या हवाई दलाच्या विमानतळांवर कॅमेरा बंदच ठेवावा. पावसाळ्यात बस ते शिडी या वीस पावलांत बॅग भिजते, म्हणून रेन कव्हर तळाशी न ठेवता बाहेरच्या खिशात ठेवावे.

परतीचा प्रवास जास्त जपून करावा लागतो. लहान विमानतळावर प्रवासी थोडे, यंत्र बहुधा एकच आणि वेळ भरपूर, त्यामुळे मुंबईत नजरेआड झालेले अर्धा किलो तिथे काट्यावर दिसते. जंगलात चार दिवस काढलेल्या बॅगेचा प्रत्येक खिसा आदल्या रात्री पलंगावर रिकामा करावा: संत्री सोलायला घेतलेला चाकू, शेकोटीसाठीची काडेपेटी, गाइडने दिलेला लायटर हे सगळे बाजूच्या जाळीच्या खिशातच सापडते. आणि भरलेली कार्डे छोट्या पिशवीतही न ठेवता शर्टाच्या बटण लावलेल्या खिशात ठेवावीत, हार्ड डिस्कवरची प्रत दुसऱ्या सामानात असली तरीसुद्धा.